ओपल मागे झोपलीय

चाकांवरचं घर, म्हणजे घरगाडी, पुढे कोणालाही नेता येते. मागे न्यायला लग्न झालेलं असावं लागतं. नवरा आत स्टिअरिंगशी बसतो, बायको मागे उभी राहून हातवारे करते, नवरा ते उलटे समजतो, बायको "उजवीकडे" म्हणते, नवरा "कुणाच्या उजवीकडे" विचारतो, आणि घरगाड्यांच्या तळावरची बाकीची मंडळी आपापल्या घडीच्या खुर्च्या त्यांच्याकडे वळवून बसतात. दुपार कलल्यावर तिथं दुसरी करमणूक नसते. जोडपं भांडत भांडत गाडी कशीबशी जागेत बसवतं, खाली उतरतं, आणि मग स्वतःच्या खुर्च्या काढून पुढच्या जोडप्याची वाट बघतं.

वेंडेल क्लीव्ह आणि त्याची बायको ओपल यांनी कितीतरी उन्हाळे हा खेळ केला होता. ओपलचे हातवारे विमानतळावर विमान उभं करणाऱ्या माणसासारखे असत. वेंडेलनं आयुष्यात कधी आरशात रस्ता बघून गाडी मागे घेतली नव्हती. तो आरशात ओपलकडे बघायचा.

जूनमध्ये ओपल गेली.

नेब्रास्कातल्या त्यांच्या लहानशा गावात बातमी कोणाला सांगावी लागत नाही. पाद्र्यानं चर्चमध्ये सांगितलं, मुलीनं, म्हणजे टेसानं, बँकेत सांगितलं, आणि ओपलची धाकटी बहीण फर्न हिनं उरलेल्या जिल्ह्याला सांगितलं. वेंडेल शाळेत सुतारकाम शिकवून निवृत्त झालेला. बोलायचं काम दुसरं कोणी करत असेल तर तो मध्ये पडत नसे. त्यामुळे 'माझी बायको वारली' हे वाक्य त्याला स्वतःच्या तोंडानं एकदाही म्हणावं लागलं नाही.

फक्त खिडक्या विकणाऱ्या कुठल्याशा कंपनीतली एक मुलगी दर आठवड्याला फोन करून "मिसेस क्लीव्ह आहेत का" असं विचारायची. वेंडेल सांगायचा, "बाहेर गेलीय." मग ओपल दर आठवड्याला बाहेर जाऊ लागली. कधी बाजारात, कधी केस कापायला, आणि एकदा तर ओमाहाला बहिणीकडे. ती बहीण त्या वेळी वेंडेलच्या समोर बसून मटार सोलत होती.

"अजून किती फिरवणार आहेस तिला?" फर्ननं विचारलं.

"त्या मुलीला वाईट वाटेल गं," वेंडेल म्हणाला. फर्ननं मटार जरा जोरात सोलले.

ऑक्टोबरातली सहल ओपलनंच ठरवून ठेवली होती. युटाच्या लाल कड्यांच्या मुलखात, दरीच्या अगदी तोंडाशी एक तळ आहे. तिथल्या जागा सहा महिने आधी सकाळी खुल्या होतात आणि कपात कॉफी ओतेपर्यंत संपतात. एप्रिलमध्ये ओपलनं घरातल्या सगळ्यांना फोन घेऊन बसवलं होतं आणि सतरा नंबरची जागा पटकावली होती. सतरा नंबरची गंमत अशी, की गाडी मागे घेऊन लावली की पलंगामागची मोठी खिडकी थेट दरीवर उघडते. ओपलला पलंगात बसून, कॉफी पीत, समोरच्या कड्यावर पहिलं ऊन येताना बघायचं होतं. फोटोत तो कडा इतका लाल होता, की वेंडेल म्हणाला, "रंग चढवलाय." ओपल म्हणाली, "खरा आहे." पैज लागली. हरेल त्यानं परत निघताना गाडीतली मैल्याची टाकी रिकामी करायची. ज्यांनी ही टाकी कधी रिकामी केली नाही त्यांना ही पैज किती मोठी आहे ते कळणार नाही.

ओपल गेल्यावर टेसा म्हणाली, रद्द करू. वेंडेल म्हणाला, जागा मिळाली आहे, जायचं. ती खिडकी, ती सकाळ, एवढं त्याला बघायचं होतं. बाकी दरी कशीही असली तरी चाललं असतं.

टेसा आणि फर्न त्याच्याबरोबर निघाल्या. वाटेत, डोंगर दिसायला लागल्यावर, टेसानं तळाचे नियम वाचले. असे नियम लोक नेहमी अर्ध्या वाटेत वाचतात.

"बाबा, ज्याच्या नावावर जागा आहे त्यानं स्वतः ओळखपत्र घेऊन हजर राहायचंय. नाव बदलून मिळत नाही. आता?"

"सांगू की."

"मी बोलते त्यांच्याशी. पण त्यांनी नियमावर बोट ठेवलं तर जागा गेली."

"माझी बायको आहे. मी सांगेन," वेंडेल म्हणाला.

त्यातलं 'आहे' तिघांनाही ऐकू आलं.

तळाच्या फाटकाशी बर्निस नावाची बाई होती. अशा तळांवर निवृत्त मंडळी फुकट राहायला मिळतं म्हणून देखरेखीचं काम करतात. काहीजण ते ढिलाईनं करतात. बर्निस त्यातली नव्हती. ती पूर्वी शाळेच्या ग्रंथालयात होती, आणि अजूनही माणसांकडे उशिरा परत आलेल्या पुस्तकासारखी बघायची.

"सतरा नंबर. ओपल क्लीव्ह," तिनं कागदावर बघून म्हटलं. "माणसं किती?"

आता हा प्रश्न वेंडेलला आयुष्यभर लोक विचारत आले होते. खाणावळीत, होडीवर, जत्रेत. आणि ओपल, फर्न, टेसा बरोबर असल्या की उत्तर ठरलेलं होतं.

"चार," तो म्हणाला.

बर्निसनं डोकावून मोजलं. वेंडेल, त्याच्या शेजारी टेसा, मागच्या बाकावर लाल टोपी घातलेली फर्न. "चौथं माणूस?"

सांगायची वेळ हीच होती. वेंडेलनं तोंड उघडलं.

"ओपल मागे झोपलीय," वेंडेल म्हणाला. "डोकं दुखतंय तिचं."

वाक्य इतकं सहज बाहेर पडलं की क्षणभर त्याला स्वतःलाच बरं वाटलं. बिचारी, प्रवासानं दमली असेल, असंही वाटून गेलं.

"इथल्या उंचीचा त्रास," बर्निस म्हणाली. "पडू दे त्यांना. मी उद्या सकाळी येऊन सही घेते. ओळखपत्र तयार ठेवा."

गाडी पुढे सरकल्यावर फर्ननं टोपी काढून मांडीवर ठेवली. "वेंडेल, हे काय केलंस तू?"

"मी सांगणारच होतो."

"कधी? नाताळात?"

सतरा नंबरवर गाडी मागे घ्यायचं काम फर्नकडे आलं. फर्नचे हातवारे कोंबड्या हाकलणाऱ्या बाईसारखे होते. ती कधी 'ये' म्हणत होती आणि कधी 'थांब', हे तिचं तिलाच माहीत होतं. शेजारच्या खुर्च्या वळल्या. काड्‌कन आवाज झाला आणि '१७' लिहिलेला लाकडी खांब आडवा पडला.

"थांब," फर्न म्हणाली.

शेजारच्या जागेवरून लायल उठून आला. लायलनं शेतीची यंत्रं विकण्यात आयुष्य घालवलं होतं आणि आता तो सल्ले देत होता, तेही न मागता. त्यानं खांब बघितला, गाडीचा मागचा भाग बघितला, गाडी किती वाकडी उभी आहे ते बघितलं आणि मग मागच्या मोठ्या खिडकीला नाक लावणार एवढ्यात टेसानं आतून झर्रकन पडदा ओढला.

"मिसेसना बरं नाही म्हणे," लायल वेंडेलला म्हणाला. "बर्निस सांगत होती. भाऊ, माझं ऐका. उजेड अजिबात येऊ द्यायचा नाही. पडदा उघडायचाच नाही. आणि पाणी पाजत राहा. माझी बायको जोडी सूप पाठवतेय."

अशा रीतीनं, ज्या खिडकीसाठी वेंडेल एवढी वाळवंटं तुडवून आला होता, तीच खिडकी वैद्यकीय सल्ल्यानं बंद झाली.

जोडीचं सूप आलं. फर्ननं ते प्यायलं, कारण रिकामं भांडं परत जायला हवं होतं. लायलनं भांडं बघितलं आणि समाधानानं मान हलवली. "भूक आहे ना, मग घाबरायचं कारण नाही," तो म्हणाला, आणि दुसरं भांडं घेऊन आला.

सकाळी, कड्यावर ऊन यायच्या सुमाराला, बर्निसनं दारावर टकटक केलं. टेसा दाराकडे धावली. फर्ननं टोपी कोपऱ्यात फेकली, पलंगात उडी मारली, गळ्यापर्यंत पांघरूण घेतलं आणि कपाळावर ओला टॉवेल टाकला. वेंडेलनं पाकिटातून ओपलचं लायसन्स काढलं. ते अजून त्याच्या पाकिटात का आहे, हे कोणी विचारलं नाही.

बर्निस आत आली. पडद्यामुळे खोलीत अंधारच होता. तिनं लायसन्स डोळ्यांजवळ नेलं, मग फर्नकडे बघितलं. दोघी बहिणींचं नाक एकच होतं.

"फोटोत तुम्ही जास्त प्रसन्न दिसता," बर्निस म्हणाली.

हे वाक्य फर्ननं लहानपणापासून ऐकलं होतं. ओपल जास्त प्रसन्न, ओपल जास्त हसरी. तिनं दात आवळून सही केली, तीही ओपलसारखी गोलगोल.

"झालं," बर्निस म्हणाली. "आता तुमची ती लाल टोपीवाली बहीण कुठंय? त्या खांबाचा जबाब हवाय मला. मी बाहेर थांबते."

ती बाहेर जाऊन दारासमोर उभी राहिली. आता फर्न दारातून जाऊ शकत नव्हती, कारण टेसानं घाबरून आधीच सांगून टाकलं होतं, की मावशी फिरायला गेलीय. पलंगाशेजारी संकटकाळी बाहेर पडायची एक खिडकी असते. गाडी घेतल्यापासून ती कोणी उघडली नव्हती. फर्ननं टोपी डोक्यावर घट्ट बसवली आणि वेंडेलनं तिला मागून ढकललं. ती बाहेर उतरली ती लायलच्या न्याहारीच्या टेबलाशेजारी.

लायलनं हातातलं बिस्कीट खाली ठेवलं. "फर्नबाई, दार त्या बाजूला आहे."

"माहीत आहे मला. तिथं गर्दी आहे," फर्न म्हणाली, आणि कपडे झटकून, फिरून आल्यासारखी बर्निसच्या समोर जाऊन उभी राहिली.

त्या दिवशी फर्न कितीदा आत गेली आणि बाहेर आली याचा हिशेब कोणी ठेवला नाही. जोडी ओपलची चौकशी करायला आली, की फर्न पलंगात. लायल खांबावर चर्चा करायला आला, की फर्न खुर्चीत. "ओपल म्हणून मी दोन भांडी सूप प्यायले," ती वेंडेलला म्हणाली, "आणि फर्न म्हणून मला अजून दुपारचं जेवण मिळालेलं नाही. तू आत्ता जाऊन सांग त्या बाईला."

"उद्या सांगतो."

"तू हे मला त्या फोनबद्दलही म्हणाला होतास. वेंडेल, मला काही त्रास नाही रे. पण तिच्या पलंगात तिचं नाव घेऊन पडायचं, आणि लोकांनी विचारायचं, बरं वाटतंय का. मला नाही झेपत हे."

वेंडेलनं मागच्या खोलीचं दार हळूच लोटून घेतलं. त्याला बोलता आलं असतं तर तो म्हणाला असता, की फाटकाशी ते वाक्य म्हटल्यापासून मागच्या खोलीत खरंच कोणी झोपलेलं आहे असं त्याला वाटत होतं. तो दार हळू लावत होता. एकदा तर त्यानं टेसाला "आवाज कमी" असंही म्हटलं होतं. आणि खरं सांगून टाकल्यावर ती खोली रिकामी झाली असती.

प्रकरण आणखी एक दिवस असंच लोंबकळलं असतं. पण बर्निस सवयीप्रमाणे जागेचे सगळे कागद संध्याकाळी पुन्हा वाचत बसली, आणि 'काही खास निमित्त' या रकान्यात ओपलनं एप्रिलमध्ये भरलेलं तिला दिसलं. लग्नाचा वाढदिवस. आजचीच तारीख.

वेंडेलला तारीख माहीत होती. सकाळपासून माहीत होती. पण ती तळावर कोणाला कळेल, हे त्याच्या डोक्यातही आलं नव्हतं.

सूर्य बुडता बुडता सतरा नंबरच्या शेकोटीभोवती अर्धा तळ जमला. जोडीनं लोखंडी भांड्यात केक भाजला होता. लायलनं त्यावर मेणबत्त्या खोचल्या होत्या, वर्षं माहीत नसल्यामुळे अंदाजानं, आणि अंदाज उदार होता. फर्न टोपी घालून शेकोटीशी बसली होती. तिच्या हातात केक देण्यात आला.

"मिसेस क्लीव्हना बाहेर यायला जमायचं नाही," बर्निसनं जाहीर केलं. "म्हणून आपण केक आत नेऊ. हळू आवाजात गाऊ. डोकेदुखी आहे."

"पडदा उघडू नका," लायलनं बजावलं.

आणि मग ती सगळी मंडळी, हातात टॉर्च घेऊन, चवड्यांवर चालत, कुजबुजल्यासारखं गाणं म्हणत गाडीकडे निघाली. सर्वांत पुढे फर्न, जिला आतल्या पलंगात असायला हवं होतं. तिनं वेंडेलकडे बघितलं. त्या बघण्यात मदत मागणं होतं, शिव्या होत्या, आणि केकचं वजनही होतं.

वेंडेल पायरीवर चढून दाराला पाठ लावून उभा राहिला.

"आत कोणी नाही," तो म्हणाला.

गाणं एका एका माणसात बंद पडत गेलं. सर्वांत शेवटी लायलमध्ये.

"म्हणजे, बाहेर गेल्यात?" बर्निसनं विचारलं.

"नाही," वेंडेल म्हणाला. "बाहेर नाही गेली. ती वारली. माझी बायको वारली, जूनमध्ये. ही जागा तिनं घेतली होती. मला फाटकावर सांगता आलं नाही. चार म्हणालो मी. सवयीनं. आणि मग पुढचं सगळं झालं."

केकवरच्या मेणबत्त्या जळत राहिल्या. टेसानं पायरीशी येऊन बापाच्या बुटावर हात ठेवला.

शेवटी लायलनं घसा खाकरला. "मग जोडीचं सूप?"

"मी प्यायले," फर्न म्हणाली. "दोन्ही भांडी. मीठ जास्त होतं."

"मी म्हटलं होतं तुला, लायल," मागून जोडीचा आवाज आला. "तूच म्हणालास आजारी माणसाला चालतं."

कोणीतरी फिसकन हसलं. बहुधा टेसा. मग फर्न हसायला लागली, आणि केक हातातून पडू नये म्हणून तो बर्निसच्या हातात देऊन हसायला लागली. वेंडेलला आधी वाटलं आपल्याला रडू येतंय. तेही येत होतं. पण हसू जास्त येत होतं, इतकं की तो पायरीवर बसला. छातीवर ठेवलेलं कपाट कोणीतरी उचलून नेल्यासारखं त्याला वाटत होतं.

"म्हणजे सकाळची सही तुमची," बर्निस फर्नला म्हणाली.

"माझी."

"आणि फोटो तुमचा नाही."

"म्हणूनच प्रसन्न दिसतो."

बर्निसनं केककडे बघितलं. मेणबत्त्या विझवल्या. "नियम असा आहे, की जिच्या नावावर जागा, ती आलेली नाही. म्हणजे सतरा नंबर रिकामा. उद्या उजाडताना मी फाटकाजवळच्या फलकापाशी असते. रांगेत पहिला येईल त्याला जागा. मला यात काही करता येत नाही." तिनं केक वेंडेलशेजारी पायरीवर ठेवला. "सुरी कोणाकडे आहे?"

त्या संध्याकाळी वेंडेलनं ते वाक्य बऱ्याचदा म्हटलं. मागच्या रांगेतल्यांना नीट ऐकू आलं नव्हतं, त्यांना सांगितलं. उशिरा आलेल्या एका जोडप्याला सांगितलं. दर वेळी ते थोडं थोडं हलकं होत गेलं, आणि मग ओपल विमानतळासारखे हातवारे कशी करायची तेही त्यानं उभं राहून करून दाखवलं.

सकाळी तो फलकाकडे गेला तेव्हा रांगेत आधीच एकजण होता. घडीची खुर्ची टाकून, पांघरूण गुंडाळून.

"बसा," लायल उठत म्हणाला. "त्या उशिरा आलेल्या जोडप्यानं रांगेचं ऐकून कान टवकारले होते. मी आपला येऊन बसलो. भाऊ, थंडीत रांगेत बसायचं तर वर्तमानपत्र पाठीला बांधावं."

बर्निस आली. जणू कधी भेटलोच नाही, अशा चेहऱ्यानं तिनं जागेची नवी चिठ्ठी काढली.

"नाव?"

"वेंडेल क्लीव्ह."

"माणसं किती?"

वेंडेलनं श्वास घेतला. "तीन," तो म्हणाला.

बर्निसनं मान वर न करता तीन लिहिलं. "जुनी चिठ्ठी संपली. गाडी बाहेर काढा आणि नव्या चिठ्ठीवर परत आत या."

"आत्ता? ऊन येईल आता कड्यावर."

"मग पटकन काढा," बर्निस म्हणाली.

खुर्च्या वळल्या. वेंडेलनं गाडी बाहेर काढली आणि मागे घ्यायला लागला. मागे फर्न कोंबड्या हाकलत होती, टेसा ओरडत होती, लायल दोन्ही हातांनी काहीतरी तिसरंच सुचवत होता आणि बर्निस शिट्टी वाजवत होती. कोणाचंही काहीही कळत नव्हतं. वेंडेलनं त्या सगळ्यांकडे बघायचं सोडून दिलं आणि आरशात पहिल्यांदाच नुसता रस्ता बघितला. रस्ता तसा सोपा होता. गाडी सरळ आत आली. खांबाला धक्का लागला नाही. खांब तिथं नव्हताच. तो रोवून द्यायचं काम त्याच्या नव्या चिठ्ठीवर बर्निसनं लिहून दिलं होतं.

तो धावत मागच्या खोलीत गेला. फर्न त्याच्या आधी येऊन पलंगात आडवी झाली होती.

"पडदा उघडू नकोस," ती म्हणाली. "आज माझं खरंच डोकं दुखतंय."

वेंडेलनं पडदा उघडला.

समोरच्या कड्यावर ऊन वरून खाली उतरत होतं. जिथं पोचत होतं तिथं दगड फोटोतल्यापेक्षाही लाल होत होता. फर्न उठून बसली. टेसानं कॉफीचे कप आणले आणि तिघंजण पलंगाच्या काठावर दाटीवाटीनं बसली. ऊन दरीच्या तळाशी पोचलं तेव्हा कप रिकामे झाले होते.

"हरलो मी," वेंडेल म्हणाला.

"काय हरलास?"

"रंग खरा आहे. टाकी मला रिकामी करायची."

"ती नाहीतरी तूच करतोस," फर्न म्हणाली.

"हो," वेंडेल म्हणाला, आणि हातमोजे शोधायला उठला.